आजोबांचा कॅमेरा लाखाचा? आधी टॉर्च मारा!

नमस्कार मंडळी! ‘दादा, माळ्यावर आजोबांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा सापडलाय, किती लाख येतील?’ या एका प्रश्नानं कमेंट भरून वाहताहेत. सगळं त्या बातमीमुळं. 2022 साली जर्मनीत वेट्झलारला एका जुन्या लायका कॅमेऱ्याला लिलावात 1 कोटी 44 लाख युरो मिळाले. खरंय, मिळाले. पण तो 1923 च्या चाचणी मालिकेतला 105 नंबरचा, आणि लायका ज्यानं घडवला त्या ऑस्कर बारनाकनं स्वतः वापरलेला. त्या मालिकेत दोन डझनही कॅमेरे नव्हते. आगफा क्लिक थ्री भारतात बनायचा, घरटी असायचा. निम्म्या सांगलीची बारशी त्यावर निघालीत. आठवण म्हणून जपा, लाखाचं डोक्यातून काढा.

मॉडेल, नंबर, शटर पडतं का, हे तुम्ही बघालच. माझा जीव अडकतो तो भिंगात. भिंगातली बुरशी बघा हो!

समजा रोलायफ्लेक्स किंवा याशिका आहे, दोन भिंगांचा. लोक मला वरच्या भिंगाचा फोटो पाठवतात. अहो, वरचं फक्त बघायला असतं, फोटो खालच्यातून निघतो! मागचं झाकण उघडा, रोल नाही ना बघा, भिंगातलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, पूर्ण मोठं करा, शटर ‘बी’वर ठेवून बटण दाबून धरा, म्हणजे ते उघडंच राहतं. आता मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. सरळ नाही, तिरकं. कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, की बुरशी.

विकत घेतानाही तेच. हरभट रोडवर एका स्टुडिओवाल्या काकांनी रोलायफ्लेक्स दाखवला. चामडं नवं, क्रोम चकाचक, आतला फोमसुद्धा बदललेला. टॉर्च मारला तर खालच्या भिंगात जाळंच जाळं. काका म्हणाले, ‘पुसलं की जातंय.’ धागे जातात काका, पण बुरशीनं भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग राहतो. संग्राहक त्याचेच पैसे कापतो.

आणि विकणाऱ्यांनो, हात जोडतो, स्पिरिटचा बोळा घेऊन बसू नका. बुरशी बहुतेक वेळा आतल्या बाजूला असते, तुम्ही बाहेरून घासून चरे पाडता. जसा आहे तसा दाखवा, टॉर्चच्या फोटोसकट.

एक ताई रागावल्या होत्या, ‘आम्ही तर मूळ चामडी केसमध्ये जपून ठेवलाय!’ ताई, तिथंच घोळ आहे. चामडं ओल धरून ठेवतं. केसला किंमत आहे, ती जपाच, पण वेगळी. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जतकडचे कॅमेरे बघा, कोरड्या हवेत बऱ्याचदा स्वच्छ निघतात. आपल्या कृष्णाकाठी 2019 च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या कपाटातल्या कॅमेऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता सोनेरी लायकावाले! ‘बर्लिन ऑलिम्पिक 1936’ कोरलेला, सोन्याचा मुलामा दिलेला लायका दिसला की खिशावर हात ठेवा. असले बहुतेक मूळचे फेड नाहीतर झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे, वर लायकाचं नाव कोरलेले. लेन्स फिरवून काढा, आत वरच्या बाजूला डोकवा. लेन्स टेकते तिथं लायकाला छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीला बहुधा पाचरीसारखा तुकडा. नाव कुणीही कोरेल, ते चाक बसवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

विट्याच्या एका दादांनी विचारलंय, कॅमेऱ्याच्या बुडाला वडिलांनी स्टुडिओचं नाव कोरलंय, घासून काढू का? अजिबात नको. नावानं किंमत थोडी उतरेल, घासल्यावर जास्त उतरेल. आणि दादा, तुमचा फोटोही वरच्याच भिंगाचा आलाय. खालच्याचा पाठवा, टॉर्च मारून.