अंगावरून पांढरं जातं, एवढ्यावर थांबू नका

श्रोतेहो, नमस्कार. दुपारची आवराआवर करून घटकाभर टेकलेल्या माझ्या बायाबहिणींना खास नमस्कार. घरातल्या पुरुषांनीही रेडिओ बंद करू नये, तुमच्यासाठीही दोन गोष्टी आहेत.

"डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय." ओपीडीत हे वाक्य मी रोज ऐकते. ते सांगताना आवाज बारीक होतो, आणि सोबत सासू आलेली असली की तेवढंही तोंडातून निघत नाही. म्हणून आज मोकळेपणाने बोलू.

योनीमार्गात जंतू असतात, आणि ते असायलाच हवेत. 1892 साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं पहिलं नीट वर्णन केलं. लॅक्टोबॅसिलस त्यांचं नाव, दही लावणाऱ्या जंतूंचेच नातेवाईक. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाचा पिष्टासारखा साठा जमतो. त्यातून सुटणाऱ्या साखरेवर हे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. निरोगी योनीचा पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो, एवढ्या आंबटपणात बऱ्याच रोगजंतूंचा निभाव लागत नाही. थोडा पांढुरका, घाण वास नसलेला स्राव हा आजार नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो वाढतोही.

हे जंतू कमी झाले की गार्डनेरेला आणि त्याच्या सोबतचे दुसरे जंतू माजतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. "मासळीसारखा वास येतो," असं बायका मान खाली घालून सांगतात. त्यांचं निदान अचूक असतं! ट्रायमिथिलअमाइन नावाचं जे रसायन शिळ्या बांगड्याला वास आणतं, तेच इथेही तयार होतं. कापसाच्या काडीने घेतलेला स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की फरक लगेच कळतो. निरोगी पेशीची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट दिसते. बिघडलेल्या पेशीवर जंतू इतके चिकटलेले असतात, की कड सापडतच नाही.

आपल्या गोव्यात यावर मोलाचं काम झालं आहे. या शतकाच्या सुरुवातीला संगाथ संस्थेच्या संशोधकांनी हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. जवळपास 18 टक्के स्त्रियांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस होता. लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग मात्र चार टक्क्यांच्या आसपासच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: पांढरं जाण्याची तक्रार आणि जंतुसंसर्ग यांचा मेळ फारसा बसेना. त्या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघालं. म्हणजे पांढरं जातं असं सांगणारी बाई कधी कधी थकवा सांगत असते, काळजी सांगत असते, घरातला जाच सांगत असते. तिच्या हातात नुसती गोळ्यांची पट्टी ठेवून भागणार नाही. तिला बसवून ऐकावं लागतं. तपासणी न करता फार्मसीतून गोळ्या आणून घेणं तर बंदच व्हायला हवं.

आता जंतूंचे डीएनए वाचता येतात. 2011 साली अमेरिकेत कोणतीही तक्रार नसलेल्या 396 स्त्रियांचे नमुने असे वाचले गेले, तेव्हा जंतूंच्या वसाहतींचे पाच गट दिसले. चार गटांत लॅक्टोबॅसिलसच्या वेगवेगळ्या जातींचं राज्य होतं, पाचव्यात मिश्र वस्ती. ही मिश्र वस्ती कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांत जास्त आढळली, आणि त्यांना त्रास काहीच नव्हता! मग 'निरोगी' ठरवायचं कुणाच्या मापाने? परदेशातल्या बायकांचं माप पेडण्याच्या किंवा काणकोणच्या बाईला लावणं मला पटत नाही. बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या 'इसाला' प्रकल्पात तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी घरच्या घरी स्वतः काडी फिरवून नमुने पाठवले. आपल्याकडेही असं व्हायला हवं.

तोवर दोन गोष्टी सांभाळा. आतून धुऊ नका. डेटॉल नको, साबण नको, सुगंधी वॉश नको. त्याने आपलेच जंतू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. आणि दिवस गेलेले असताना वास, खाज किंवा स्रावात बदल जाणवला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. वेळेआधी बाळंत होण्याच्या धोक्याशी बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा संबंध दिसतो.

आता पुरुषांसाठी. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास पुन्हा होतो, आणि दोष तिच्या स्वच्छतेला दिला जातो. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नवऱ्याला किंवा जोडीदारालाही औषध देऊन पाहिलं. फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के स्त्रियांना त्रास परतला. दोघांना दिलं तेव्हा 35 टक्क्यांना. म्हणून तिला सारखा त्रास होत असेल, तर तिच्यासोबत डॉक्टरांकडे या आणि बाहेरच्या बाकावर न बसता आत या.

आणि बायांनो, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा तुमच्या आरोग्य केंद्रात कुणी अशा अभ्यासासाठी नमुना मागितला, तर घाबरू नका. काडी मऊ असते, काम मिनिटभराचं असतं. नमुना कशासाठी हवा, माझं नाव गुप्त राहील का, निकाल मला कळवणार का, हे आधी विचारून घ्या. उत्तरं पटली तर द्या. नाही पटली तर नाही म्हणा, तुमच्या उपचारांत त्याने काहीही कमी होता कामा नये.