साइट उघडत नाही म्हणून सिक्युअर डीएनएस कायमचं बंद करताय? थांबा जरा

नमस्कार मंडळी. पेज फिरत राहतं, फिरत राहतं आणि मग 'साइट सापडत नाही' असं येतं. मग कोणीतरी सांगतं की सेटिंगमध्ये जा, सिक्युअर डीएनएस बंद कर. बऱ्याचदा होतं पण चालू, आणि मग ते बंद केलेलं परत कोणी उघडतच नाही, महिनोन्महिने तसंच राहतं. हे मला मनापासून खटकतं म्हणून आजचा व्हिडिओ.

डीएनएस काय करतं ते पटकन सांगतो. तुम्ही साइटचं नाव टाकता पण कॉम्प्युटरला लागतो आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या साइटचा आकड्यांतला पत्ता, तर तो एका सर्व्हरला विचारतो या नावाचा पत्ता काय. ही पद्धत १९८३ ची, आणि हा प्रश्न मुळात उघडाच जातो, पोर्ट ५३ वरून, पोर्ट म्हणजे डेटा ये-जा करायचा नंबर दिलेला दरवाजा समजा. म्हणजे साइटला एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझरचं कुलूपबंद कनेक्शन, असलं तरी तुम्ही कोणतं नाव विचारलं ते वायफाय चालवणाऱ्याला, नेट देणाऱ्या कंपनीला सरळ वाचता येतं, आणि नुसतं वाचता नाही, मधल्यामध्ये खोटं उत्तर पण देता येतं.

म्हणून हाच प्रश्न एन्क्रिप्ट करून, म्हणजे मधल्याला वाचता येणार नाही असा, पाठवायच्या पद्धती आल्या, सिक्युअर डीएनएस म्हणजे हेच. २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस आलं, त्याला वेगळं पोर्ट ८५३. मग २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, हे नेहमीच्या वेबच्याच ४४३ वरून जातं. आकडे लक्षात ठेवा, गडबड इथेच होते. अँड्रॉइड ९ पासून जी प्रायव्हेट डीएनएस सेटिंग आहे ती मुळात ८५३ वाली, आणि काही नेटवर्कवर ते पोर्ट अडवलेलं असतं. तिथे तुम्ही सर्व्हरचं नाव हाताने टाकलेलं असेल तर फोन साध्या डीएनएसवर परत येतच नाही, वायफायच्या दांड्या फुल आणि एक पेज उघडत नाही. फोन बिघडला नाहीये, तुम्हीच त्याला सांगितलंय की हाच सर्व्हर, दुसरा नको.

आता अडकलंय कुठे ते कसं शोधायचं? अ‍ॅड्रेस बारमध्ये नाव टाकू नका, १.१.१.१ टाका, चार वेळा एक आणि मध्ये टिंब, हा थेट आयपी आहे, डीएनएसला विचारावं लागत नाही. ते पेज आलं तर लाइन ठीक आहे, मग संशय डीएनएसवर. नाही आलं तर आधी राउटर बघा. एररचे शब्द पण वाचा हो, 'एनएक्स-डोमेन' दिसलं तर त्या नावाला पत्ताच मिळाला नाही, आधी स्पेलिंग बघा. 'कनेक्शन टाइम्ड आउट' असेल तर बहुतेक वेळा पत्ता मिळालाय, पलीकडून उत्तर येत नाहीये, तिथे डीएनएस बदलून काही होत नाही. आणि घड्याळ! माझ्या जुन्या लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे गेली होती, अख्खी संध्याकाळ मी डीएनएस बदलत बसलो, आणि तारीख चुकली की सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं मुदत असलेलं ओळखपत्र, पटत नाही, एन्क्रिप्टेड डीएनएसला पण तेच सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे सगळंच आडवं.

हॉटेल, विमानतळाचं वायफाय वेगळं प्रकरण आहे. तिथलं लॉगिन पेज बऱ्याचदा डीएनएसचं उत्तर बदलूनच तुमच्यासमोर येतं, आणि एन्क्रिप्टेड डीएनएस नेमकं तेच होऊ देत नाही. तिथे बंद करा, लॉगिन करा, आणि लगेच परत चालू करा. ऑफिसच्या आतल्या साइटचं पण असंच, ती नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला माहीत असतात, त्यासाठी फायरफॉक्समध्ये तेवढ्या साइट अपवादात टाकता येतात.

प्रायव्हसीचं मात्र नीट समजून घ्या. तुमचे प्रश्न आता नेटवाल्याला दिसत नाहीत, पण ज्याचा सर्व्हर निवडलात, क्लाउडफ्लेअर, गूगल, क्वाड९, कोणीही, त्याला सगळे दिसतात. म्हणजे भरवसा एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला, तेव्हा ते लॉग किती दिवस ठेवतात हे वाचूनच निवडा. शिवाय पत्ता मिळाल्यावर ब्राउझर साइटशी जोडताना सुरुवातीला साइटचं नाव परत उघडं पाठवतो, त्याला एसएनआय म्हणतात. ते झाकायला एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो आहे, पण साइटच्या बाजूने पण ते चालू असावं लागतं. आणि साइटचा आयपी तर नेटवाल्याला दिसतोच.

मी स्वतः फायरफॉक्समध्ये सिक्युअर डीएनएसची मॅक्स प्रोटेक्शन सेटिंग ठेवतो. सुरक्षित उत्तर नाही मिळालं तर ते आधी वॉर्निंग दाखवतं, गुपचूप साध्या डीएनएसवर जात नाही.