उरलेली नजर राखताना

(अंधारी खोली. फिल्ड टेस्टचं, म्हणजे नजरेचा घेर तपासायचं यंत्र. काकूंच्या हातात बटण.)

पांढऱ्या घुमटात कुठेतरी एक बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की बटण दाबायचं. काकू मन लावून दाबताहेत. मध्येच बराच वेळ बोट थांबतं. दिवे तेव्हाही लागताहेत, काकूंना ते दिसत नाहीत.

(छापील अहवाल, जवळून.)

काकूंना काचबिंदू आहे. हा त्यांच्या उजव्या डोळ्याचा नकाशा. जिथे काळं, तिथली नजर गेलेली. मधला भाग अजून उजळ आहे. काकू सुईत दोरा ओवतात, समोरचा माणूस ओळखतात, म्हणून तर इतकी वर्षं काही जाणवलं नाही. बहुतेकांचा काचबिंदू दुखत नाही, डोळा लालही करत नाही. तो कडेची नजर आधी नेतो. तमिळनाडूत चेन्नई ग्लॉकोमा स्टडी नावाची मोठी पाहणी झाली. तिथल्या खेड्यांत ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांच्यापैकी जवळपास कुणालाच तो आधी माहीत नव्हता.

(स्लिट लॅम्प, डोळा तपासायचा मायक्रोस्कोप. निळा प्रकाश, हिरवी अर्धवर्तुळं.)

डॉक्टर बाजूची चकती हळूहळू फिरवतात. दोन अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की आकडा वाचायचा. 32. हा डोळ्याच्या आतला दाब. सर्वसाधारण डोळ्यात तो 10 ते 21 असतो. काकूंचा 32 आहे, तोही तीन प्रकारचे थेंब नियमित घालून.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं. अश्रू वेगळे, हे वेगळं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निघून जातं. जाळीतून निचरा होईनासा झाला की दाब चढतो आणि डोळ्यामागची, दिसलेलं मेंदूकडे नेणारी नस झिजू लागते. त्या नसेत 10 लाखांच्या आसपास तंतू असतात. गेलेला तंतू परत येत नाही. दाब 21 च्या आत असूनही नस झिजते, असेही रुग्ण आहेत. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस पाहावीच लागते.

(ऑपरेशन थिएटर. मायक्रोस्कोपमधून.)

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल दिली आहे. काकू जाग्या आहेत. आज होतंय ते ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे आतल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देणं. केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी 1968 साली मांडलेलं हे ऑपरेशन आजही जगभर केलं जातं.

वरच्या पापणीखाली डोळ्याचं पातळ आवरण उघडलं. खाली पांढरा भाग दिसतोय. आता हे स्पंजचे इवलेसे तुकडे पाहा. ते मायटोमायसिनमध्ये भिजवलेले आहेत. मुळात हे कॅन्सरवरचं औषध. इतर ऑपरेशनांत जखम पटकन भरावी म्हणून सगळी धडपड असते. इथे ती पूर्ण भरली तर केलेली वाट बुजेल आणि दाब पुन्हा चढेल. म्हणून स्पंज काही मिनिटं ठेवायचे, मोजून काढायचे आणि जागा भरपूर पाण्याने धुवायची.

आता पांढऱ्या भागात अर्ध्या जाडीची झडप कापली जातेय. लांबीरुंदी 3-4 मिलिमीटर. अर्धीच जाडी, हाताला ते कळावं लागतं. झडप उचलून तिच्याखाली एक छिद्र. त्यात बुबुळ अडकू नये म्हणून बुबुळाचाही लहानसा तुकडा काढतात. बुबुळ छेदून काचबिंदूवर इलाज करता येतो, हे बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी 1857 मध्ये दाखवून दिलं होतं. तेव्हा ना असा मायक्रोस्कोप होता, ना असे टाके.

हा टाक्याचा धागा. केसाहून कितीतरी बारीक. झडप फार घट्ट शिवली तर पाणी अडतं, सैल शिवली तर डोळा मऊ पडतो. डॉक्टर एक टाका सोडतात, पुन्हा घेतात. थोडं पाणी आत सोडून बघतात. पुन्हा घेतात. फिल्ममधला हा भाग आम्ही कापला नाही.

शेवटी आवरण शिवलं. वरच्या पापणीआड हा जो फुगवटा उठलाय, तीच पाण्याची नवी वाट.

(दुसरा दिवस. पट्टी काढताना.)

दाब 11. गेलेली नजर या ऑपरेशनने परतणार नाही. जंतुसंसर्ग, लवकर वाढणारा मोतीबिंदू हे धोके राहतात आणि तपासणी जन्मभर. हे काकूंना आधीच सांगितलेलं आहे.

(बाहेरची ओळ. तरुण मुलगा.)

हा पंचविशीतला आहे. डोळ्यांना खाज सुटायची म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. बरं वाटलं, वर्षभर घालत राहिला. त्यात स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडने दाब वाढतो, त्याचाही वाढला. चिठ्ठीशिवाय असे थेंब विकले जातात, हे थांबायला हवं.

(ट्रे. नळी लावलेली सिलिकॉनची चकती.)

काकूंसारख्या ऑपरेशनने भागत नाही तिथे पाणी बाहेर नेणारी ही नळी बसवतात. परदेशी नळी अनेकांना परवडत नसे. आता मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये ती आपल्याकडेच बनते, कमी किमतीत.

(तपासणीची खोली. काकूंचा धाकटा भाऊ.)

काचबिंदू असलेल्याच्या सख्ख्या भावंडांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. हे दवाखान्यात दर वेळी सांगितलं जातं आणि बहुतेक घरांत तेवढंच राहून जातं. काकू मात्र भावाला धरून घेऊन आल्या. त्याला काही त्रास नाही, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. दाब 27. नसेवर सुरुवातीची खूण आहे, फिल्ड टेस्ट मात्र अजून स्वच्छ. रोज रात्री एक थेंब सुरू झालाय. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. मुलांनाही बरोबर आणायला सांगितलं आहे.