धरायला तिसरा हात कुठला?

नमस्कार श्रोतेहो. मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी चिपळूण-कऱ्हाड मार्गावर. तुम्हाला काय येतं, असं कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, तिकिटं फाडता येतात. मशिन आल्यावर तेही राहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नातीला घेऊन कऱ्हाडला निघालो होतो. ती आठ वर्षांची. कुंभार्ली घाटात एका आजीबाईंच्या पिशवीतला नारळ निसटला आणि घरंगळत पार ड्रायव्हरच्या मागं गेला. मी उठलो, नारळ आणून दिला, परत बसलो. नात बघतच राहिली.

"आबा, तू कशालाच धरलं नाहीस!"

"मग?"

"सगळे धरून उभे आहेत. तू घरातल्यासारखा चालत गेलास."

खरं सांगतो, हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, खांद्याला पैशांची बॅग. धरायला तिसरा हात कुठला? कंबर सीटच्या दांड्याला टेकवायची, पाय जरा फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे. आणि वळण बघत बसायचं नाही, ते ऐकायचं. ड्रायव्हरनं गिअर खाली टाकला की इंजिनाचा आवाज बदलतो, अंग आपोआप कलतं. मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच महिन्यात एका फेटेवाल्या पाव्हण्याच्या मांडीवर जाऊन बसलो होतो, तेवढंच काय ते प्रशिक्षण.

मी जरा फुशारलो असेन. कारण आमच्या मंडळींनी लगेच टोला दिला, "एवढं कसब आहे, तर न्हाणीत घसरता कसे?" एसटीत एक टोला म्हणजे थांबा. मी थांबलो.

नात मात्र थांबली नाही. म्हणाली, "आजी, न्हाणी हलत नाही ना! आबाला हलणारंच येतं."

यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं.

परतीच्या गाडीत कोयनानगर मागं पडलं, तशी ती उठली. मला बजावलं, हात लावायचा नाही. पाय फाकवले, गुडघे सैल केले, कान टवकारले. दोन सीट छान गेली. तिसऱ्या सीटपाशी वळण आलं आणि ती एका अनोळखी काकूंच्या मांडीवर.

मी म्हटलं, "झालं. भरती झालीस."