रात्रीची पाळी

(एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'कोळशाविरुद्धचे जनतेचे तळ आणि हवामानबदल' असा छापला आहे. हवामानबदलाकडे मी येईनच. पण गेली काही वर्षे एक विचार माझा पिच्छा सोडत नाही आणि तो आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांपुढे एकदा मांडायचाच होता, म्हणून आधी तो सांगते. ठिय्या आंदोलन टिकते ते पाळ्यांवर. पुढारी, घोषणा आणि गर्दी यांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु पहाटे दोन वाजता जागे कोणी राहायचे आणि चार वाजता त्याला उठवून घरी कोणी पाठवायचे, हे ज्या तळावर ठरलेले असते, तो तळ उठवणे फार अवघड जाते.

ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. प्लेगच्या साथीत वास्कोकरांनी जांबावलीच्या दामोदराला गाऱ्हाणे घातले आणि तेव्हापासून हा सप्ताह सुरू झाला, अशी परंपरा आहे. म्हणजे त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भजन सुरू होते आणि चोवीस तास ते खंडत नाही. निरनिराळ्या व्यवसायांच्या मंडळींचे पार, म्हणजे गात-वाजवत निघणाऱ्या मिरवणुका, येतात, रस्ते माणसांनी फुलून जातात; पण माझे लक्ष नेहमी पारांपेक्षा पहाटेच्या भजनाकडे जाते. त्या वेळी फेरी म्हणजे जत्रा पाहायला आलेला माणूस घरी गेलेला असतो, आवाज बसलेले असतात, आणि तरीही टाळ हातातून खाली ठेवण्याआधी तो घेणारा दुसरा हात पुढे आलेला असतो. ज्या शहराला भजन चोवीस तास अखंड ठेवता येते, त्याच शहराच्या बंदरात कोळसा उतरतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१ नोव्हेंबर २०२०च्या रात्री मी चांदोरच्या रेल्वे फाटकावर होते. (चांदोर म्हणजे कदंब राजांचे चंद्रपूर. ज्या मातीत जुन्या राजधानीचे अवशेष आहेत, तेथेच हे घडावे याचे मला त्या रात्रीही अप्रूप वाटत होते.) बंदरातला कोळसा कर्नाटकात नेणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाचे काम रात्री होणार म्हटल्यावर हजारो माणसे रुळांवर येऊन बसली. मेणबत्त्या होत्या, गाणी होती, 'गोंयांत कोळसो नाका' ही घोषणा होती. मोले अभयारण्यातून जाणारी वीजवाहिनी, महामार्गाचे चौपदरीकरण आणि रेल्वेचा दुसरा मार्ग या तिन्ही प्रकल्पांविरुद्धचा राग तेथे एकवटला होता. मात्र मला आठवतो तो तीननंतरचा प्रहर. गर्दी थोडी विरळ झाली, दव पडू लागले, आणि शेजारच्या गावातून आलेल्या एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "बाई, तुम्ही आता थोडे आडवे व्हा, आम्ही निजून आलो आहोत." त्या निजून आल्या होत्या! कोणी सांगितलेले नसताना त्यांच्या वाड्याने, म्हणजे वस्तीने, आधी झोप काढली होती आणि पहाटेचा भार उचलायला ती माणसे आली होती. नंतर काही जणांवर गुन्हे नोंदवले गेले. परंतु ती रात्र मोडली नाही, कारण ती त्या बाईंसारख्या माणसांनी आपापसात वाटून घेतली होती.

आता मला माझ्या मावशीविषयी बोलायचे आहे, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेईन.

मावशीचे घर वास्कोत, बंदराकडून वारा थेट येतो अशा चढावर. मे महिन्यात ती सोलां (आमसुले) आणि पापड वाळत घालायची. सोलां मुळातच काळी, त्यांच्यावर काही दिसत नाही. दिसायचे ते पापडांवर. बोट फिरवले की बोटावर शिसपेन्सिलीसारखी चकाकणारी काळी रेघ उठायची. तुळशीवृंदावनाचा पांढरा कठडा तर सकाळी पुसला की संध्याकाळी पुन्हा करडा. मावशीने काय करावे? काकांच्या जुन्या धोतराचे वीतभर चौकोन फाडले आणि दर शनिवारी सकाळी खिडकीचा तोच एक कठडा, त्याच टोकापासून त्याच टोकापर्यंत, एका चौकोनाने पुसायचा नेम धरला. चौकोनाच्या कडेला बॉलपेनने तारीख घालायची, घडी करायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. असे शंभराहून अधिक चौकोन जमले. पावसाळ्यातले फिकट, डिसेंबर-जानेवारीतले काळेकुट्ट. नुसता डबा चाळला तरी वर्षाचे ऋतू समजत.

तो डबा घेऊन आम्ही दोघी एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या खेपेला अर्ज नाही म्हणून परत पाठवले, दुसऱ्या खेपेला अर्ज मराठीत आहे म्हणून तो इंग्रजीत लिहून आणायला सांगितले. (मराठीतला अर्ज का चालत नाही, हा माझा वेगळाच जुना सल आहे आणि आज मी तो उकरणार नाही.) तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी दोन चौकोन उलगडून पाहिले आणि हा शास्त्रीय नमुना नव्हे, असे सांगितले. डबा येथे ठेवून जा, पाहू, असेही म्हणाले. मावशीने डबा पदराखाली घेतला आणि ती उठली. बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाली, "हो डबो हांव कोणाकच दिवचें ना." (हा डबा मी कोणालाच देणार नाही.)

मित्रहो, त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही, ते आज देते. हवेतून खाली बसणारी धूळ मोजण्याची जी जुनी आणि मान्य पद्धत आहे, तिच्यात ठराविक तोंडाचे भांडे उघड्यावर ठेवतात आणि ठराविक दिवसांनी त्यात साचलेली धूळ तोलतात. जागा तीच, क्षेत्रफळ तेच, मुदत तीच. मावशीने हे तिन्ही नियम न शिकता पाळले होते. तिच्याकडे नव्हता तो फक्त तराजू. तो कार्यालयाकडे होता. शिवाय कापडावर दिसते ती जाड धूळ. फुप्फुसात खोल जाणारे कण दहा मायक्रोमीटरपेक्षाही लहान, ते मावशीच्या धोतरावर वेगळे दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या देशाचे मानक घनमीटरमागे चोवीस तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम असे आहे आणि ते मोजायला यंत्र लागते. म्हणजे जे मावशीला दिसत होते त्याहून न दिसणारे अधिक घातक, हे तिला समजावून सांगणे त्या कार्यालयाचे काम होते. तिला आणखी एक अर्ज आणायला सांगणे हे त्यांचे काम नव्हते. २०१७ साली बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावणी झाली आणि बोलणाऱ्यांची रांग संपेना म्हणून ती कित्येक दिवस चालली, तेव्हा मला त्या रांगेत असे कितीतरी डबे दिसत होते.

तो डबा मी आज आणला आहे. टेबलावर आहे, नंतर जरूर पाहा.

परदेशातल्या तळांची हकीकत मी वाचली ती या डब्यामुळेच. इंग्लंडमध्ये २००६च्या ऑगस्टअखेर यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स या त्या देशातल्या सर्वांत मोठ्या कोळसा वीज केंद्राजवळ सुमारे ६०० माणसांनी तळ ठोकला. २००८ साली केंट परगण्यातल्या किंग्सनॉर्थला नवे कोळसा केंद्र होऊ घातले होते, तेथे पुन्हा तळ पडला. या तळांची रचना वाचून मी थक्क झाले. सगळा तळ वाड्यावाड्यांत वाटलेला, प्रत्येक भागातल्या माणसांचा वाडा वेगळा, प्रत्येकाची चूल वेगळी, निर्णय सर्वांच्या संमतीने, वीज सूर्याची आणि वाऱ्याची, आणि भांडी घासण्यापासून फाटकावरच्या पहाऱ्यापर्यंत सगळ्या कामांच्या पाळ्या. जत्रेला आपल्याकडे निरनिराळ्या वाड्यांनी कामे वाटून घ्यावीत, तसाच तो प्रकार. किंग्सनॉर्थचा प्रकल्प २००९ साली बाजूला पडला. कंपनीने मंदीचे कारण दिले आणि ते खोटे नव्हते. पण प्रकल्प इतका लांबला म्हणूनच मंदीच्या तावडीत सापडला, असे मला वाटते. पुढे ३० सप्टेंबर २०२४ रोजी इंग्लंडमधले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद झाले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा पत्रिकेवरच्या विषयाला आता थोडक्यातच हात घालते.

आपल्या रुळांवरून घाट चढणारी मालगाडी धरा. साधारण ५८ वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ६० टन, म्हणजे एका गाडीत साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा. तो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत जाळला की सुमारे दहा हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण कार्बनच्या प्रत्येक १२ भागांना प्राणवायूचे ३२ भाग येऊन चिकटतात. मावशीच्या कठड्यावर पडते ती या कोळशाची वाटेत सांडलेली भुकटी. उरलेला सगळा वर जातो आणि तो पुसायला कापड नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विजेसाठीच्या कोळशाला सूर्य आणि वारा हे पर्याय आज उपलब्ध आहेत. पोलादाचा कोळसा नुसती उष्णता देत नाही, तो लोहखनिजातला प्राणवायू ओढून काढतो. त्यामुळे त्याचा पर्याय अवघड आहे. भंगाराचे पोलाद विजेच्या भट्टीत वितळवणे आणि कोळशाऐवजी हायड्रोजन वापरणे या वाटा आहेत, परंतु त्या लांबच्या आहेत. गोव्याने नाकारलेला कोळसा दुसऱ्या बंदरात उतरेल, हा आक्षेपही मला ठाऊक आहे आणि तो अर्धा खरा आहे. उरलेले अर्धे असे की, दुसरीकडेही माणसे बसली आहेत. आपल्या देशात येणारा बराचसा पोलादाचा कोळसा ऑस्ट्रेलियातून येतो, आणि त्या देशातल्या न्यू साउथ वेल्समध्ये लिअर्डच्या जंगलात खाणीविरुद्ध तळ होता. जर्मनीत हाम्बाखच्या जंगलात २०१२पासून झाडांवर घरे बांधून माणसे राहिली आणि २०१८ साली न्यायालयाने तोड थांबवली. ल्युत्सेराटचे खेडे मात्र जानेवारी २०२३मध्ये रिकामे केले गेले. छत्तीसगडमध्ये हसदेवच्या जंगलासाठी हरिहरपूरला मार्च २०२२पासून धरणे धरले गेले. कोळशाच्या वाटेवर ठिकठिकाणी अशा पाळ्या लागल्या, तर तो वळवायला बंदरे उरत नाहीत.

आणि हे सगळे आपल्याला दूरचे नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. जुलै २०२१च्या पावसात दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. हा तोच घाट, १८८८ साली सुरू झालेला, ३७ फुटांना एक फूट चढणारा. आणखी कोळसा चढवता यावा म्हणून याच घाटात दुसरा मार्ग हवा होता. त्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. घाटाखालच्या भागातले काम मात्र त्या निकालाने थांबले नाही, म्हणून आमचे फाटकही थांबलेले नाही.

आमच्या वाड्यालगतच्या फाटकावर आम्ही गेल्या वर्षापासून गाड्या मोजतो: वेळ, वाघिणी किती, ताडपत्री होती की नव्हती. प्रत्येकाची पाळी दोन तासांची. आजवरच्या तीन वह्या डब्याशेजारीच ठेवल्या आहेत. चौथ्या वहीत पुढच्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता आखला असून दिवसाचे सगळे रकाने भरले आहेत. मंगळवार आणि शुक्रवार पहाटे दोन ते चार हे दोन रकाने अद्याप कोरे आहेत. पेन वहीलाच बांधलेले आहे.