सायकलच्या घंटीतला खून: ‘ब्योमकेश बक्षी’चा ‘रास्ते का काँटा’

(सांगली, हरभट रोड, सकाळ. कॅमेऱ्याबाहेर सायकलची घंटी वाजते. मी वळून बघतो.)

बघितलंत? वळलो. घंटी वाजवायला मित्राला मीच सांगून ठेवलं होतं, तरी वळलो. आणि वळल्यावर माझी छाती कुणाच्या समोर आली? सायकलवाल्याच्या. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

1993 साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ ही हेरगिरीची मालिका सुरू झाली. दिग्दर्शक बासू चटर्जी. खुनांचा छडा लावणारा ब्योमकेश झाला रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना. ब्योमकेशची बायको सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णी, पण आजच्या गोष्टीत ती नाही, तिच्यावर पुन्हा कधीतरी. आज फक्त एक भाग, ‘रास्ते का काँटा’. शेवट सांगणार आहे बरं का. तीस वर्षं थांबलो, आता रागावू नका. ज्यांनी बघितला नाही त्यांनी व्हिडिओ थांबवा आणि आधी तो बघून या.

(घरात, टेबलासमोर.)

सुरुवातीला खून नाही, पोलीस नाहीत. ब्योमकेश पेपर वाचतोय, आणि तोही कुठलं पान? जाहिरातींचं. त्याचं म्हणणं असं की खरी बातमी जाहिरातीतच असते. त्यात एक जाहिरात पुन्हापुन्हा येतेय: वाटेतला काटा दूर करायचा असेल, तर शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा. बास. ना नाव, ना पत्ता.

हे व्हाइटवे लेडलॉ म्हणजे कलकत्त्यातल्या चौरंगीवरचं साहेबी थाटाचं भलंमोठं दुकान. शनिवारची संध्याकाळ म्हटल्यावर तिथं तोबा गर्दी. आता मला सांगा, तुम्हाला कुणाला गुपचूप भेटायचंय, तर गणपती पेठेत भर बाजाराच्या वेळी बोलवाल का? पण इथं भेटायचंच नाहीये. वाटेतला काटा म्हणजे नको असलेला माणूस, आणि खांबाला धरून उभा राहिला तो त्याचा खून करवून घेणारा गिऱ्हाईक. गर्दीत त्याच्या खिशात पाकीट सरकवायचं आणि निघून जायचं. गिऱ्हाईकाला तोंडसुद्धा दिसत नाही. ही योजना मला त्या हत्यारापेक्षाही जास्त आवडते.

आणि हत्यार हे.

(डबी उघडून पिन दाखवतो.)

ग्रामोफोनची पिन. मिरजेत जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली ही डबी. आपल्याकडं ज्यांच्या घरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या वाजायच्या, त्यांना ही ठाऊक असणार. तबकडीची एक बाजू वाजली की पिन बदलायची, म्हणून डबीत ढीगभर असायच्या. कथेत शहरातली श्रीमंत माणसं भर रस्त्यात एकामागून एक कोसळतात आणि त्यांच्या काळजात अशी पिन सापडते. बंदुकीचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

एक जण वाचतो, आशुतोषबाबू. पिन लागते ती त्याच्या खिशातल्या घड्याळाला. तो घाबरून ब्योमकेशकडं येतो. ब्योमकेश घड्याळ तपासतो आणि विचारतो, त्या वेळी काही आवाज ऐकलात का? आशुतोषबाबू आठवून आठवून सांगतो, तसं काही नाही, एक सायकलची घंटी वाजली होती.

इथं थांबा. खुनाची किल्ली लेखकानं आत्ताच तुमच्या हातात ठेवली, अर्धी गोष्ट व्हायच्या आत. आणि आपण काय केलं? बाजूला ठेवली. कारण रस्त्यावर घंटी वाजणारच की! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या गच्चीवर, झाडात, मोटारीत बंदूक शोधत बसलो होतो. पिन होती घंटीतच. आत स्प्रिंग. घंटी दाबली की पिन सुटते आणि तिचा आवाज घंटीच्याच आवाजात बुडतो. वर ती सकाळची गंमत: घंटी ऐकून माणूस वळतो, नेम धरायला छाती आपोआप समोर येते. हे शेवटचं माझं गणित आहे, ब्योमकेशचं नव्हे. पण मला ते पटतं.

आता जरा खोडी काढू. ही पिन लांबीला दीड सेंटिमीटरच्या आसपास, वजन पाव ग्रॅमच्या आतबाहेर. एअरगनचा छर्रा यापेक्षा दुप्पट जड असतो आणि त्याच्यामागं चांगला दाब असतो. कातडी, चरबी, स्नायू, बरगड्यांमधली फट, हे सगळं ओलांडून काळजापर्यंत पोचायचं, तर अख्खी पिन आत जाऊन वर आणखी पुढं जायला हवी. घंटीच्या वाटीत मावणाऱ्या स्प्रिंगचं हे काम नाही. धोतर-सदऱ्यातच तिचा जोर संपेल. तेव्हा विज्ञानाचा पेपर लेखक नापास. तरी बघताना एकदाही शंका येत नाही, कारण त्याआधी ते घड्याळ दाखवलेलं असतं, त्यात रुतलेल्या पिनेसकट. डोळ्यानं बघितल्यावर कोण हिशोब मांडत बसतंय?

लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय. 1932 मध्ये लिहिलेली ही कथा, ‘पथेर काँटा’, ब्योमकेशची पहिली. मालिकेचा पहिला भाग ‘सत्यान्वेषी’ असला तरी ती कथा त्यांनी नंतर लिहिली, ब्योमकेशची ओळख करून द्यायला. आणि हा माणूस आपल्याला परका नाही बरं. मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला आला, 1952 पासून पुण्यात राहिला, 1970 मध्ये तिथंच वारला. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथाही त्यानं बंगालीत लिहिल्या. मराठी पोरगा, बंगाली पुस्तक. आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला तर गेल्या वर्षी कळलं.

(रात्र, आयर्विन पूल.)

हा पूल 1929 चा, कथेच्या तीनच वर्षं आधीचा. असाच रिकामा रस्ता डोळ्यापुढं आणा, फक्त तिकडं कलकत्त्यात रेसकोर्सजवळ. खांबापाशी मिळालेल्या पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलंय: मध्यरात्री या, सायकलवरून माणूस येईल. ब्योमकेश आणि अजित जातात. मूळ कथेत अंगात चिलखत वगैरे काही नाही, छातीला चिनी मातीची बशी बांधलेली! चहाची बशी, राव. लांबून घंटी येते. ट्रिंग. आणि या वेळी ती ऐकताना आपल्या पोटात गोळा येतो. मघाशी ह्याच आवाजाला आपण किंमत दिली नव्हती.

सायकलवाला निघतो प्रफुल्ल रॉय, विमा एजंट. गोड बोलणारा, सतत पान चघळणारा. आधी स्वतःच ब्योमकेशच्या घरी येऊन बसून गेलेला, अंदाज घ्यायला. पकडल्यावर तो शांतपणे एक पान खाऊ का म्हणून विचारतो. ब्योमकेश खाऊ देतो. पानात विष असतं.

आता माझा तुम्हाला प्रश्न. जो माणूस जाहिरातीच्या चार ओळींतून खुनी हुडकतो, त्याला पानाच्या डब्याचा संशय आला नसेल? माझ्या मते आला होता, आणि तरी त्यानं ते पान खाऊ दिलं. माझी आई म्हणते, छे, बिचारा फसला. आमच्या घरात हे भांडण अजून मिटलेलं नाही. भाग बघा आणि खाली लिहा, तुम्ही कुणाच्या बाजूचे.

(मागं ट्रिंग. मी वळत नाही.)