गोळ्या चालू, रक्त वाढेना

फडताळातल्या स्टीलच्या डब्यात लोहाच्या गोळ्या. दोन पाकिटं संपली, तिसरं चालू आहे. हिमोग्लोबिन आठाच्या आसपासच घुटमळतंय. घरचे म्हणतात, "नीट घेत नसशील." शेजारच्या काकू बीट आणि खजूर सुचवून गेल्या.

गोळ्या ती नीट घेते. गिळलेलं लोह रक्तात पोचत नाहीये.

लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठराच्या पुढच्या वीतभर आतड्यात. तिथलं अस्तर मखमलीसारखं, बारीक बारीक उंचवट्यांचं. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या मखमलीवर उठते, आणि ती झिजून सपाट होते. मग लोह कितीही ओता, बरंचसं तसंच पुढे वाहून जातं.

जुलाब लागले, वजन उतरलं, तर संशय तरी येतो. मोठ्या माणसांत पुष्कळदा यातलं काहीच नसतं. रक्त कमी, बस्स. लोहाच्या कमतरतेने ॲनिमिया झालेल्या साधारण ३१ जणांत एकाला सीलिॲक सापडतो, असं जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. म्हणूनच "बायकांचं कमीच असतं" म्हणून फाइल मिटते. अंगावरून जास्त जाणं, अपुरं जेवण, जंत ही कारणं आधी बघायचीच. पण गोळ्या नियमित घेऊन महिनाभरात हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही हललं नाही, तर फक्त ब्रँड बदलून काय होणार?

पहिली पायरी रक्ताची तपासणी: टीटीजी आयजीए. या आजारात वाढणारी, आयजीए प्रकारची अँटिबॉडी ती मोजते. सोबत एकूण आयजीए, कारण तेच मुळात कमी असेल तर टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दुर्बीण घालून आतड्याचे चार-पाच बारीक तुकडे घेतात. एका तुकड्यावर भागत नाही. झीज कुठे असते, कुठे नसते.

आणि इथेच घोळ होतो. कुणीतरी सांगतं, "गहू सोडून बघ." ती सोडते. बरंही वाटतं. दोन-तीन महिन्यांनी तपासणी केली तर रिपोर्ट साफ येऊ शकतो! तपासणी होईपर्यंत पोळी बंद करायची नाही, हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं.

निदान पक्कं झालं की गहू जन्माचा सुटतो. जव आणि रवाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. भाकरीच्या मुलखात हे तसं सोपं वाटतं. पण फोडणीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आणि गिरणी?

ज्वारीचा डबा घेऊन ती रांगेत उभी आहे. पुढचं दळण उतरलं.

"दादा, आत्ता काय दळलंत?"

"गहू."

ती डबा उचलते.